सागाचा दस्ता

अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, फुटका दस्ता माझ्या टेबलावर आणून ठेवला तेव्हा मी एका व्हिलाच्या कपाटाला बिजागऱ्या बसवत होतो. दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकूड, जे खांद्याला लावतात आणि ज्याच्या खोबणीत लोखंडी नळी बसते. हा मुठीच्या जागी उभा चिरला होता आणि कुणीतरी त्याला चिकटपट्टी गुंडाळली होती.

"मिस्त्री, ऐसा नया बनाओ."

मी हात पुसले, पण त्याला लावले नाहीत. "अरबाब, ये बंदूक का है."

"बंदूक क्लब में है. ये लकड़ी है. तुम दरवाजा बनाता, ये भी बनाओ. सेम सेम."

तो हसत हसत ऑफिसात गेला आणि मी त्या लाकडाकडे बघत राहिलो. आमच्या गावात बंदुकीची कुणाला भीती वाटत नाही. शेतात डुक्कर शिरतात म्हणून चार घरांत परवान्याच्या बंदुका आहेत, निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या, एवढाच त्यांचा उपद्व्याप. पण तो गाव झाला. इथे बहारीनमध्ये मी व्हिसावरचा माणूस. माझ्या टेबलावर असलं काही दिसलं आणि कुणी विचारलं, तर आठवी नापास माणूस कुठल्या भाषेत काय सांगणार? मी दस्त्यावर फडकं टाकलं आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाही.

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. हिद्दच्या इंडस्ट्रियल एरियातलं हे वर्कशॉप लहान आहे. दरवाजे, कपाटं, मजलिसमधले, म्हणजे बैठकीच्या खोलीतले सोफे, एवढंच काम. मी आलो त्या वर्षी मशीनवर माझं बोट गेलं, तर हा माणूस मला स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेला होता, त्याच्या पांढऱ्या थोबवर, त्या लांब झग्यावर, माझं रक्त सांडलं तरी गाडी दामटत राहिला. पुढे काम बंद पडलं तेव्हा शेजारच्या वर्कशॉपवाल्यांनी माणसं घरी पाठवली. आमच्या अरबाबने आम्हाला ठेवलं, घरून जेवणाचं पातेलं पाठवलं. ते अजून विसरलेलो नाही. म्हणूनच पुढच्या महिन्यांत कितीदा चिडलो तरी तोंड उघडता आलं नाही, आणि ज्याच्यावर चिडता येत नाही त्याच्यासाठी काम करणं फार अवघड असतं.

भानगड अशी होती. अरबाबचे चुलतभाऊ पैसेवाले. ते दर वर्षी आफ्रिकेत कुठल्यातरी खासगी फार्मवर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात. त्यांच्या रायफली अशा चकचकीत की वापरावंसंही वाटणार नाही. आमच्या अरबाबला त्यांनी या वर्षी सोबत बोलावलं होतं, आणि वर म्हणाले होते, तुझ्याकडे रायफल नसेल तर आमची जुनी एखादी देऊ. हे त्याला झोंबलं. त्याने एका म्हाताऱ्या ओळखीच्याकडून रीतसर कागद करून एक जुनी रायफल घेतली. लोखंड चांगलं, लाकूड फुटलेलं. दुर्बीण जुफैरला राहणाऱ्या आणि सामान विकून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्याकडून. दुर्बीण नळीवर धरून ठेवायच्या रिंगा कॅम्पिंगच्या दुकानातून, सेलमधल्या. राहिला दस्ता, तो फुकटात करणारा मिस्त्री घरचाच होता.

लाकूडही घरचंच. मुहर्रकला त्याच्या वडिलांचं जुनं घर पाडलं होतं, त्याच्या दाराची चौकट त्याने गोदामात ठेवून दिली होती. रंधा मारला आणि मी थांबलोच. आपल्याकडचा साग. वरचा रंग गेल्यावर आत मधासारखा, आणि वास असा की माझ्या टेबलापुरता गाव झाला. अरबाब म्हणाला, त्याच्या आजोबांच्या वेळी हे लाकूड गलबतातून आलं होतं. मी म्हटलं, "हम दोनों इंडिया से आया." तो खूप हसला. त्याला माझे विनोद आवडतात, हेही एक.

त्याच वेळी घरी माझ्या वडिलांचीही एक चौकट थांबली होती. माझ्या इथल्या कमाईतून गावात नवीन घर हळूहळू वर येत होतं, भिंती झाल्या होत्या, आणि पुढच्या दाराची चौकट आम्हा दोघांनी मिळून करायची असं मी निघालो तेव्हाच ठरलं होतं. वडील सुतार. मला शाळेतून काढून त्यांनीच हाताखाली घेतलं. त्यांचा एकच नियम. दोन लाकडांचा सांधा बसवला की ते कॅलेंडरचं पान फाडायचे आणि सांध्यात घालून बघायचे. पान आत गेलं तर सांधा उचकटून परत करायचा. मी लहानपणी रडत रडत सांधे परत केले आहेत. आता मात्र त्यांचा हात थरथरायला लागला होता. फोनवर म्हणाले,

"चौकटीचो फणस सुकान खडखडीत झालाहा. भटान दिवस पण काढून दिल्यान. कधी येतलंस तां सांग."

"येतंय बाबा. अरबाबाक विचारतंय."

"बेगीन विचार. माझो हात आता सरळ चलणा नाय. ह्या वर्सा पटाशी धरूक जमात, पुढल्या वर्साचा माका म्हायत नाय."

मी विचारलं. अरबाबने सरळ सांगितलं, "मैं शिकार को जाएगा, वर्कशॉप बंद. तुम इंडिया जाओ, आराम से. बंदूक ठीक, मैं जाता, तुम जाता. बंदूक नहीं ठीक," आणि त्याने नाही म्हणून दोन्ही हात झटकले, "मफी शिकार, मफी इंडिया."

एकदा चोरी झाल्यापासून तो इथे नसताना वर्कशॉप उघडत नाही, आणि तो असताना मिस्त्रीला सोडत नाही. म्हणजे माझी सुट्टी, भटाने काढलेला दिवस, बाबांचा हात, सगळं एका जुन्या रायफलीला टांगलेलं.

काम सोपं असतं तर. नळी नेमबाजीच्या क्लबातून बाहेर काढायची नाही असा कायदा, आणि बरोबरच आहे तो. पण लोखंड तिकडे दक्षिणेला वाळवंटात आणि लाकूड इकडे हिद्दला. मी इथे खोबण कोरायची, शुक्रवारी अरबाबच्या गाडीतून लाकूड घेऊन क्लबला जायचं, गेटवर सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवायचं, दर वेळी तोच गार्ड कार्डावरचा फोटो आणि माझं तोंड असं बघणार की मला स्वतःचाच संशय यायचा. आत क्लबचा माणूस कुलपातून लोखंड काढून देणार, मी ते लाकडावर ठेवून बघणार, कुठे अडकतंय ते खुणा करणार, आणि परत हिद्द. लोखंडाला मी होता होईल तो हातच लावत नव्हतो. अरबाबला सांगायचो, तुम्ही धरा, मी लाकूड धरतो.

नळी नेमकी कुठे टेकते ते कळायला तिला काळं लावायचं आणि लाकडावर दाबायचं. काळा ठिपका उमटला तिथे खरवडायचं. त्यासाठी मी रूममधल्या साथीदाराचं बूटपॉलिश नेलं. तो साताऱ्याचा, सीफच्या एका टॉवरमध्ये एसी मेंटेनन्सला.

"माझं बूटपॉलिश कुटं गेलं?"

"बंदुकीला लावलं."

"आरं, बंदुकीला? आता ती ड्युटीवर जानार का काय?" मग रोज संध्याकाळी तेच. "काय शिकारी, झाली का तोफ? वाघ मारल्यावर एक पाय आपल्याला ठेव बरं का मर्दा."

मी हसायचो. किती शुक्रवार गेले ते मोजायचं सोडून दिलं होतं. ठिपके पुसट होत गेले, मग पूर्ण नळीची एकसारखी काळी छाप लाकडावर उमटायला लागली. शेवटच्या दिवशी नळी खोबणीत ठेवली तर ती स्वतःहून बसली, हलकासा आवाज करून, डब्याचं झाकण बसावं तशी. मी खिशातली दुकानाची पावती काढली आणि नळीच्या कडेने घालून बघितली. कुठेच जात नव्हती. एवढी लांब गोल वस्तू, आणि पूर्ण लांबीत कागद जात नाही! असा सांधा मी आयुष्यात केला नव्हता. बाबांना दाखवायला फोटो काढायची इच्छा झाली, पण क्लबात फोटोला बंदी, आणि बंदुकीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये, नको रे बाबा.

दुर्बीण चढवली. अरबाब गोळ्या झाडायला बसला. पहिली गोळी काळ्या वर्तुळाच्या जवळ. दुसरी तिच्या शेजारी. अरबाबने मागे वळून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तिसरी वर गेली. चौथी आणखी वर आणि डावीकडे. पाचवी कागदावरच नव्हती.

"थोडा ठंडा करो," क्लबचा माणूस म्हणाला. गार झाली, परत पहिली चांगली, मग परत वर, डावीकडे. दुर्बिणीच्या बाजूच्या चकत्या फिरवून ती जमवली, तर पुढच्या शुक्रवारी पहिलीच गोळी भलतीकडे.

मग दोष शोधणं सुरू झालं. नियमित शिकवणारा मास्तर, फौजेतून रिटायर झालेला एक इजिप्तचा माणूस, नेमका सुट्टीवर गेला होता. सगळे सुट्टीवर जात होते, मी सोडून. त्याच्या बदलीचा माणूस म्हणाला, रिंगा स्वस्तातल्या आहेत. रिंगा बदलल्या. तो म्हणाला, मग दुर्बीणच गेलेली असेल. अरबाब तोंड वाकडं करत दुसरी घेऊन आला, ती चढवली, तेच. मग गोळ्या बदलल्या. मग अरबाबने चष्मा बदलला. एका शुक्रवारी चुलतभाऊ आले आणि कागदावरची भोकं बघून अरबीत काहीतरी बोलले. मला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. परत येताना अरबाबने गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

लाकडाचा संशय कुणालाच आला नाही. मला तर येणं शक्यच नव्हतं. मी उलट मनात म्हणायचो, एवढ्या चांगल्या सांध्यावर हे भंगार सामान चढवलंय, दुसरं काय होणार. स्वस्तातलं घ्यायचं आणि मग मिस्त्रीची सुट्टी अडकवायची. एकदा राग एवढा अनावर झाला की कपाटाच्या दारावर नको तेवढ्या जोरात हातोडी मारली आणि लॅमिनेट फुटलं. अरबाबने बघितलं आणि म्हणाला, "मालीश, मालीश, दूसरा लगाओ." म्हणजे जाऊ दे. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

भटाने काढलेला दिवस त्याच सुमारास आला आणि गेला. त्या दिवशी मी मुद्दाम फोन केला नाही. सकाळी बाबांनीच केला.

"तुझ्या शेठाक सांगलंस मां, म्हातारो वाट बघता म्हणान?"

"सांगलंय बाबा. बंदूक ठीक होणा नाय."

"बंदूक?" त्यांनी विचारलं. "तू थंय सुतारकाम करतंस मां रे?"

मास्तर सुट्टीवरून आला तो शुक्रवार मला स्वच्छ आठवतो. उन्हात वाळूचा बारीक धुरळा उडत होता आणि टिनाच्या छपराखाली आम्ही तिघेच होतो. मास्तरने अरबाबचं सगळं गाऱ्हाणं ऐकलं. एकही गोळी झाडली नाही. रायफल रिकामी आहे ना ते बघितलं, आडवी ठेवली, आणि निशाण्याच्या जुन्या कागदाची एक पट्टी फाडली. मग ती पट्टी नळी आणि लाकूड यांच्या मधे सारायला लागला.

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांनी पहिला माणूस भेटला होता ज्याला काम कसं तपासायचं ते माहीत होतं! पट्टी जाईना. त्याने दुसऱ्या बाजूने घातली, पुढून घातली. दुमडली, पण गेली नाही. मी पुढे झालो आणि छाती काढून म्हणालो, "नहीं जाएगा. कहीं से नहीं जाएगा. मैंने खुद देखा है."

मास्तरने माझ्याकडे बघितलं, मग अरबाबकडे, आणि हसायला लागला. चांगला माणूस होता, पण थांबेना. अरबाब हसत नव्हता. मास्तर अरबीत बोलत होता आणि अरबाब तुकड्या तुकड्याने मला हिंदीत सांगत होता. नळी गोळीने तापते, फुगते. गोळी सुटताना थरथरते. तिला चारी बाजूंनी मोकळं राहायला लागतं. लाकूड दाबत असेल तर ती तापल्यावर एका बाजूला ढकलली जाते. आणि समुद्रावरच्या दमट हवेत लाकूड फुगतं, एसीत आकसतं, म्हणून एका शुक्रवारचा नेम दुसऱ्या शुक्रवारी लागत नाही. मागे लोखंड स्क्रूने घट्ट, पुढे नळी हवेत.

"पेपर जाना चाहिए, मिस्त्री," अरबाब म्हणाला. "यहाँ से यहाँ तक. आराम से जाना चाहिए."

मी म्हटलं, "अरबाब, वो तो खराब काम होता है."

"बंदूक में वो अच्छा काम."

रिंगा, दुर्बीण, चष्मा, सगळ्यांवर मी मनातल्या मनात चरफडलो होतो, आणि दाबत होतं माझंच लाकूड. तेही चुकून नाही. जीव लावून, मन लावून, बाबांनी शिकवलं तसं दाबत होतं.

शनिवारी हिद्दला मी दस्ता शिकंज्यात धरला आणि पटाशी घेतली. हात चालेना. गोल दांड्याला पॉलिशपेपर गुंडाळला आणि खोबणीत मागे-पुढे घासत राहिलो. मधाच्या रंगाचा भुसा खाली पडत होता. तो एकसारखा काळा ठसा, ज्याच्यासाठी एवढे शुक्रवार घातले होते, तो अर्ध्या तासात गेला. शेजारच्या टेबलावर पॉलिश करणारा म्हणाला, "क्या हुआ उस्ताद, बिगड़ गया?" मी म्हटलं, "नहीं, बिगाड़ रहा हूँ." कामाच्या जागी आणि तेही मुद्दाम वाईट सांधा मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

पुढच्या शुक्रवारी भोकं एकमेकांत मिसळली. अरबाबने पाच झाडल्या आणि कागद आणून माझ्या नाकासमोर धरला, आंब्याच्या कोयीएवढ्या जागेत सगळं. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलवत राहिला. चुलतभाऊ आले तेव्हा त्यांना कागदाची पट्टी नळीखालून सरकवून दाखवली, "शूफ, शूफ, मिस्त्री का काम," म्हणजे बघा, बघा. पट्टी सरसर जात होती, ते माना डोलावत होते, आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं. तिकीट अरबाबने स्वतः काढलं. मला विमानतळावर सोडायलाही आला. "तुम्हारा बाबा को सलाम बोलो." या माणसावर मी राग तरी कसा धरायचा.

घरी पोचलो तर चौकट उभी होती.

गवंडी थांबेना, म्हणाले बाबा. त्याला दुसरीकडे काम लागलं होतं, तो भिंत अर्धी टाकून गेला असता. म्हणून त्यांनी एकट्यानेच केली आणि भटाने काढलेल्या दिवशीच, माझा फोन ठेवल्यावर, उभी केली. मी बॅग खाली ठेवली आणि जवळ गेलो. लांबून सुरेख होती. फणसाचा पिवळा रंग, वर मधोमध कोरलेलं फूल, त्याची एक पाकळी थोडी तिरकी. मी वरच्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे आडवं लाकूड उभ्यात बसतं. डाव्या बाजूच्या सांध्यात भुसा आणि सरस भरला होता आणि त्यावरून पॉलिशपेपर मारला होता. बऱ्यापैकी लपलं होतं. सुताराच्या डोळ्याला लपत नाही.

बाबा आत गेले आणि कॅलेंडरचं पान फाडून घेऊन आले.

"तू बघ. माझ्या हातात कागद हलता, माका कळणा नाय."

मी स्टुलावर चढलो. उजव्या सांध्यात पान गेलं नाही. डाव्या सांध्यात सरसाच्या वर, जिथे भुसा थोडा बसला होता, तिथे पान लागलं आणि अलगद आत गेलं. बोटाच्या एका पेराएवढं. मी तसाच स्टुलावर उभा. मला बहारीनचं ते टिनाचं छप्पर दिसत होतं. तिथे कागद एक महिना आधी गेला असता, तर इथे आज गेला नसता. मी इथे असतो, पटाशी माझ्या हातात असती, ते शेजारी उभे राहून ओरडत असते.

"जाता काय रे?"

मी पान बाहेर काढलं आणि अंगठा सांध्यावर ठेवला. "नाय जात."

"नीट बघ. डावीकडे."

"नाय जात म्हटलंय मां, बाबा!" माझा आवाज चढला. आतून आई डोकावली.

बाबांनी हात पुढे केला, पान परत घेतलं, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. चौकटीवरून एकदा तळवा फिरवला.

"मगे मी उगाच भियालंय," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आईला सांगायला आत गेले.